घरी पेशंट सांभाळणाऱ्या बायकांवर प्रोजेक्ट करतेय, पॅट आर्मस्ट्राँग यांची मांडणी ठाण्यात कितपत लागू होईल?

मृ_ऐरोली

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून एम.ए. सोशिऑलॉजी करतेय आणि आता प्रोजेक्टचं वर्ष आहे. विषय असा घेतलाय की घोडबंदर रोडच्या टॉवरांमधे आणि इकडे ऐरोली वाशीला अंथरुणाला खिळलेले म्हातारे पेशंट सांभाळायला ब्युरोच्या (म्हणजे घरी कामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या) ज्या बायका येतात, कोणी बारा तासाची कोणी चोवीस तासाची, बऱ्याचशा कळवा मुंब्रा दिघा साइडच्या, त्यांच्या कामाचा अभ्यास करायचा.

गाईड मॅडमनी पॅट आर्मस्ट्राँग वाचायला सांगितल्या. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ आहेत, आरोग्यसेवा, त्यात राबणाऱ्या बायका आणि सरकारी धोरण हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय. वाचतेय, आवडतंय पण खूप, पण एका ठिकाणी अडलेय. कॅनडात हॉस्पिटलचं आणि डॉक्टरचं बिल सरकार भरतं, आपल्याकडे माणूस आजारी पडला की घरचे आधी एफडी मोडायला निघतात. मग तिकडची मांडणी उचलून इकडे लावली तर परीक्षक पहिलाच प्रश्न हा विचारणार की बाई, हे कॅनडातलं आहे, ठाण्याचं काय?

दुसरं म्हणजे वर्गातले काहीजण म्हणतात की हा विषय लेबरचा झाला, आरोग्याचा नाही. आरोग्य म्हणजे हॉस्पिटल, डॉक्टर, नर्स, औषधं, ह्या बायका म्हणजे घरकामगार. मला हे पटत नाहीये पण नीट उत्तर पण देता येत नाहीये. कोणी यावर वाचलंय का, किंवा कोणी या कामात आहे का, प्लीज सांगा.

खाडीपलीकडे

मृ, विषय फार चांगला घेतलायस, सोडू नकोस. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो कारण त्याचं उत्तर तुला आर्मस्ट्राँगबाईंकडेच मिळेल.

२००२ साली कॅनडात आरोग्यसेवेचं पुढे काय करायचं हे बघायला सरकारने नेमलेल्या रोमॅनो कमिशनचा रिपोर्ट आला. रॉय रोमॅनो सार्वजनिक आरोग्यसेवेच्या बाजूचेच होते, पण रिपोर्टमधे त्यांनी एक रेघ ओढली, की पेशंटवर थेट उपचार करणं वेगळं आणि साफसफाई, लाँड्री, जेवण वगैरे वेगळं, ही दुसरी कामं खाजगी ठेक्यावर दिली तर चालू शकतं. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियात कायदा करून हॉस्पिटलांतली असली कामं ठेक्यावर द्यायचा रस्ता मोकळा केला, हजारो बायकांच्या नोकऱ्या गेल्या आणि ज्यांना ठेकेदाराकडे परत घेतलं त्यांचा पगार खूप खाली आला. पुढे २००७ मधे तिकडच्या सुप्रीम कोर्टाने त्या कायद्याचे काही भाग घटनाबाह्य ठरवले, पण तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. आर्मस्ट्राँगनी ह्यू आर्मस्ट्राँग आणि क्रिस्टा स्कॉट-डिक्सन यांच्याबरोबर २००८ मधे 'क्रिटिकल टू केअर' लिहिलं ते नेमकं ह्या रेघेच्या विरोधात. त्यांचं म्हणणं असं की हॉस्पिटलमधली फरशी म्हणजे हॉटेलची फरशी नाही, ती नीट पुसली गेली नाही तर पेशंटला इन्फेक्शन होतं. तसंच डायबेटिसवाल्याचं ताट चुकलं तर ती औषधाच्याच तोडीची चूक, आणि चादर बदलणाऱ्या बाईला पेशंटच्या पाठीवरचा लाल डाग डॉक्टरच्या आधी दिसतो. म्हणून ह्या सगळ्याजणी आरोग्य कर्मचारीच. मग त्यांना बाहेर का काढतात, तर बायका हे घरी करतातच, त्यात शिकण्यासारखं काय, असं धरून चालतात म्हणून. तुझ्या वर्गातले लोक जे म्हणतायत ते नेमकं हेच आहे.

आता पहिला प्रश्न. कॅनडात सगळं फुकट आहे हा आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज असतो. त्यांचा १९८४ चा कॅनडा हेल्थ अ‍ॅक्ट हॉस्पिटल आणि डॉक्टरची सेवा हक्काने देतो, पण घरी येऊन सांभाळणं आणि वृद्धांची निवासी केंद्रं त्या हक्कात येत नाहीत, ते प्रत्येक प्रांत आपापल्या परीने बघतो. म्हणजे इलाज धोरणाच्या आत आणि सांभाळणं बरंचसं बाहेर. आणि जे बाहेर राहिलं ते बायकांच्या अंगावर आलं, घरात असली तर बिनपगारी, केंद्रात असली तर कमी पगारात, आणि तिथेही बऱ्याचशा स्थलांतरित आणि गौरेतर बायका.

आता आपल्याकडे बघ. महात्मा फुले योजना असो की आयुष्मान, ७० च्या वरच्या सगळ्यांना २०२४ पासून उत्पन्न न बघता ५ लाखांचं कव्हर आहे, चांगलंच आहे, पण ते अ‍ॅडमिट झाल्याचं. आयुष्मानमधे डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं तपासण्या धरतात. पुढे सहा महिने रायल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीने भरवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, ह्याला ह्या योजनांत जागा नाही. रेघ तीच आहे गं, फक्त इकडे रेघेच्या आतलंसुद्धा अर्धवट आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मधे आपल्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून दिला, कॅनडात साधारण ७० टक्के सरकार उचलतं. फरक मोठा आहे आणि तो स्पष्ट लिही, पण तुझा विषय जिथे सुरू होतो तिथे, म्हणजे डिस्चार्जच्या कागदानंतर, दोन्ही देशांत सरकार मागे सरकतं. परीक्षकाला हे सांग.

सिस्टर_वर्तकनगर

मी महापालिकेच्या हॉस्पिटलमधून सिस्टर इन्चार्ज म्हणून रिटायर झाले. ठाणे नवी मुंबई दोन्हीकडे ओळखीच्या सिस्टर खूप आहेत त्यामुळे जे लिहितेय ते एका हॉस्पिटलबद्दल नाही.

वरती खाडीपलीकडे यांनी चादर बदलणाऱ्या बाईचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. आमच्या वॉर्डात बेडसोरची (पडून पडून पाठीला होणाऱ्या जखमेची) पहिली बातमी नेहमी मावशीकडूनच यायची, "सिस्टर, सात नंबरच्या आजींची पाठ बघा". पर्मनंट मावश्या आणि मामा होते तोपर्यंत त्यांना पेशंट माहीत असायचा, वॉर्ड माहीत असायचा, कुठला कचरा कुठल्या पिशवीत हे सांगावं लागत नव्हतं. नंतर ठेका आला, दर थोड्या महिन्यांनी नवीन चेहरे, शिकवलं की ठेकेदार दुसरीकडे पाठवणार, पगार वेळेवर नाही, हँडग्लोव्हज मागितले तर संपले. त्या बाईची चूक नसते हो, तिला कोणी शिकवलंच नाही आणि तिला माहीत आहे की ती पुढच्या महिन्यात इथे नसणार. ह्याचा परिणाम पेशंटवर होतो हे मी डोळ्यांनी बघितलंय.

नर्सेसचंही तेच. नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे की शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स आणि साध्या हॉस्पिटलात ५ मागे १. नाईटला अख्खा वॉर्ड एका सिस्टरवर, खाली जमिनीवर गाद्या टाकलेले वेगळे, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. मग काय होतं, नातेवाईकाला सांगायचं तुम्ही थांबा, तुम्ही भरवा, तुम्ही पुसून घ्या. आणि नातेवाईक म्हणून थांबते कोण, सून, मुलगी, बायको. पुरुष वॉर्ड असला तरी रात्री नियम बाजूला ठेवून बाई बसलेली असते. हॉस्पिटलमधे माणसं कमी ठेवून जे पैसे वाचतात ते असे वाचतात, काम तेवढंच राहतं, करणारीचं नाव हजेरीवर नसतं एवढंच.

आणि लवकर डिस्चार्ज. बेड पाहिजे असतो, समजू शकते, पण ज्या पेशंटला घरी सोडतोय त्याची कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कशी सांभाळायची हे सुनेला दारात उभं राहून पाच मिनिटात सांगायचं. मी नर्सिंगला साडेतीन वर्षं शिकले ते काम. मृ बेटा, तुझ्या ब्युरोच्या बायका ह्याच कामासाठी बोलावतात, तेव्हा कोणी म्हणालं की हा आरोग्याचा विषय नाही तर माझ्याकडे पाठव.

नौपाडा_बापू

मी समाजशास्त्रवाला नाही. वडील पॅरालिसिसने बरेच दिवस घरी होते, तेव्हा ब्युरोची बाई ठेवली होती म्हणून लिहितोय.

सगळं बरोबर आहे पण पैसे कोण देणार हे कोणीच बोलत नाही. आम्ही ब्युरोला जे देत होतो त्यातले बाईला किती मिळतात हे विचारलं तेव्हा धक्काच बसला, ब्युरो दर महिन्याला आपला वाटा कापून घेतं, त्याबदल्यात ट्रेनिंग नाही, ती आजारी पडली तर तिचा खाडा, बदली बाई आली तर येणार नाहीतर नाही. तिला जास्त द्यावेत असं वाटत होतं, खरंच वाटत होतं, पण औषधं डायपर फिजिओ धरून आमचाच महिना पुरा पडत नव्हता. शेवटी बायकोने नोकरी सोडली. तेव्हा घरात कोणी म्हटलं नाही की तू सोड म्हणून मला, आणि मीही विषय काढला नाही, तिचा पगार कमी होता हे कारण सगळ्यांना पुरेसं वाटलं. आज ती परत नोकरी शोधतेय, ह्या वयात कोण घेणार.

म्हणून प्रश्न असा की त्या आर्मस्ट्राँगबाई मध्यमवर्गीय घराला मालक समजून दोष देतात का? कारण इथे दोन्हीकडचे लोक दबलेले आहेत.

खाडीपलीकडे

बापू, तुमची पोस्ट दोनदा वाचली. नाही, त्या घराला दोष देत नाहीत, उलट तुमच्या घरात जे झालं तेच त्यांचं पहिलं मोठं काम आहे. १९७८ मधे पॅट आणि ह्यू आर्मस्ट्राँग ह्या दोघांनी 'द डबल गेटो' लिहिलं. त्यात असं दाखवलंय की बायका बाहेर ठराविक कमी पगाराच्या कामांत कोंडलेल्या आणि घरी बिनपगारी कामात कोंडलेल्या, आणि हे दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात. पगार कमी म्हणून घरच्या गरजेला तिनेच नोकरी सोडायची आणि मधेच सोडणार म्हणून पगार कमी. वहिनींच्या बाबतीत कोणी वाईट नव्हतं तरी निर्णय एकाच बाजूला गेला ना, तो तसा का जातो हाच त्यांचा प्रश्न.

आपल्याकडचा आकडा हवा असेल तर २०१९ चा केंद्र सरकारचा टाइम यूज सर्व्हे बघा. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, आणि जे पुरुष असं काम करतात ते ९७. शिवाय माणसं सांभाळण्याचं वेगळं धरलंय, त्यात बायका १३४ आणि पुरुष ७६. २०२४ च्या सर्व्हेतही चित्र फार हललेलं नाही.

पैशाचं म्हणाल तर आर्मस्ट्राँगचं उत्तर सरळ आहे, हा खर्च एका घरावर पडताच कामा नये. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या तीन प्रांतांतल्या वृद्ध केंद्रांची तुलना डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे, स्वीडनशी केली. कॅनडात रोज मारहाण, ढकलणं, ओरबाडणं सहन करावं लागतं असं सांगणाऱ्या कर्मचारी स्कँडिनेव्हियाच्या जवळजवळ सहापट निघाल्या. म्हातारे तर दोन्हीकडे सारखेच आहेत, डिमेन्शिया दोन्हीकडे आहे. फरक होता माणसं किती ठेवली आणि बाईला पेशंटशी दोन शब्द बोलायला वेळ मिळतो का ह्यात. घाईघाईत कोणी अंगावरचे कपडे ओढून बदलायला लागलं तर गोंधळलेला म्हातारा माणूस हात उगारणारच. म्हणूनच त्या सतत सांगतात की काम करणारीची जी परिस्थिती तीच पेशंटला मिळणाऱ्या सेवेची परिस्थिती, दोन वेगळ्या नाहीतच. मला त्यांचं हे एकच वाक्य सगळ्या पुस्तकांपेक्षा मोठं वाटतं.

आणि कोविडमधे दुर्दैवाने ते खरं ठरलं. २०२० च्या पहिल्या लाटेत कॅनडातले सुमारे ८० टक्के मृत्यू वृद्ध केंद्रांशी जोडलेले होते, ओंटारिओ आणि क्विबेकमधे केंद्रांत लष्कर पाठवावं लागलं. कारणांपैकी एक हे की बायकांना कुठेच पूर्णवेळ नोकरी नव्हती, पोट भरायला दोन दोन तीन तीन केंद्रांत जायच्या. पुढे काही प्रांतांनी एकाच ठिकाणी काम करायचा नियम केला. आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या बरोबरचे लोक हे कितीतरी आधीपासून सांगत होते.

आशा_कळवा

मी शहरी भागात आशा आहे. बाकी पुस्तकं वाचलेली नाहीत पण वरचं सगळं वाचलं आणि राहवलं नाही.

आम्हालाही धोरणातच बाहेर ठेवलंय. २००५ ला ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली, शहरात २०१३ नंतर, आणि पहिल्या दिवसापासून कागदावर आम्ही स्वयंसेविका. कर्मचारी नाही म्हणून पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. गरोदर बाईला दवाखान्यात ने, बाळाच्या भेटी कर, टीबीचा पेशंट गोळ्या घेतो का बघ, सर्व्हे कर, ऑनलाइन भर. कोविडमधे लोक दार उघडत नव्हते तेव्हा आम्ही दारोदार होतो, त्याचे केंद्राकडून महिन्याला १००० रुपये जादा. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, आनंद झालाच. पण राज्याचं मानधन ५००० ने वाढवून घ्यायला संप करावा लागला, आश्वासन मिळालं तरी जीआर निघेना म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर बसावं लागलं, तेव्हा मार्चमधे निघाला.

ताई, तू ज्या बायकांवर लिहितेयस त्या माझ्या एरियात राहतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणींची बाळंतपणं मी केलीयत, म्हणजे कार्ड काढण्यापासून. चोवीस तासाची ड्युटी घेणारीचं लहान मूल शेजारणीकडे नाहीतर मोठ्या मुलीकडे असतं, आणि ती मोठी मुलगी मग शाळेत अधूनमधून. हे पण लिही.

खाडीपलीकडे

हे फार महत्त्वाचं सांगितलंत ताई.

मृ, अजून एक. आर्मस्ट्राँग जिथे कमी पडतील ती जागा कॅनडात आणि भारतात बिल कोण भरतं ह्या फरकाची नाही, जातीची आहे. त्यांच्याकडे वंश आणि स्थलांतर भरपूर आहे, पण इथे दुसऱ्याची घाण कोणी काढायची हे आधीच ठरलेलं असतं आणि ब्युरोवाला फोनवर आडनाव विचारून बाई पाठवतो. स्वयंपाकघरात जायचं नाही, वेगळा कप, हे आजही होतं. पांचाली रे यांनी कलकत्त्यातल्या नर्सेस आणि आयांवर काम केलंय ते वाच, शिकलेल्या नर्स अंगाला हात लावायचं, घाण काढायचं काम खाली कसं ढकलतात हे त्यात आहे. रजनी पालरीवाला आणि नीता एन. यांचं भारतातल्या केअरवरचं लिखाण पण घे. ह्याशिवाय प्रोजेक्ट अर्धा राहील.

कायद्याचं एक प्रकरण ठेव. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, पण पेशंट सांभाळणारी बाई स्वतःला घरकामगार म्हणवत नाही, सिस्टर म्हणवते, आणि नर्सिंगचं शिक्षण नसल्याने सिस्टर म्हणून रजिस्ट्रेशन तिला मिळू शकत नाही. ती कुठल्याच यादीत नाही.

मृ_ऐरोली

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बापू, तुम्ही जे लिहिलंत त्यामुळे मी आता फक्त ब्युरोच्या बायका नाही तर ज्या घरांत काम आहे तिथल्या सुना-मुलींशी पण बोलायचं ठरवतेय, डिस्चार्जच्या दिवसापासून कोणी काय सोडलं असं विचारेन. जातीचा भाग घेणार, पण थेट विचारायचं कसं ते कळत नाहीये. सिस्टर, ह्या बायकांना गाठायचं कुठे? ब्युरोत जाऊन विचारलं तर तिथला माणूस समोरच बसून राहिला, कोणी काही बोललंच नाही.

सिस्टर_वर्तकनगर

ब्युरोत अजिबात जाऊ नकोस आणि पेशंटच्या घरी पण नको, मालकीण आतून ऐकत असते. सकाळी ठाणे स्टेशनला सॅटिसवर (स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलावर) घोडबंदरच्या बसच्या रांगेत उभी राहा, ड्युटी बदलायच्या आधी निम्मी रांग ह्यांचीच असते, कोणाच्या हातात डबा आणि कपड्यांची पिशवी दिसली की चोवीस तासाची समज. तिथे फक्त ओळख कर, नंबर घे, बोलणं सुट्टीच्या दिवशी तिच्या वस्तीत. आशाताई बरोबर आल्या तर दार लगेच उघडेल.

जात विचारू नकोस. पाणी कुठून पिता, जेवता कुठे, झोपता कुठे, कुठला संडास वापरता हे विचार, सगळं बाहेर येईल. कामाचं विचारताना पेशंट किती वजनाचा, एकटीने उचलता का, कंबर धरली तर काय करता, सुई टोचली तर कोणाला सांगता हे विचार. इंजेक्शन, सक्शन (मशीनने घशातला कफ ओढून काढणं) पण करायला लावतात बऱ्याच घरांत, त्याचं शिक्षण कुठे घेतलं ते विचार पण नाव गाव लिहू नकोस, उद्या तिच्यावरच यायचं.

आणि सहीचा फॉर्म पुढे केला की ह्या घाबरतात, आधी तोंडी समजावून सांग. फॉर्म मराठी आणि हिंदी दोन्हीत कर. मसुदा इथे टाकलास तर मी आणि आशाताई बघून सांगू.